हाँगकाँगला नवीन आलात? दाय पाय दोंगवर जेवायला जाण्याआधी

इथे आलेली आपली बहुतेक मंडळी सुरुवातीचे दिवस चुंगकिंग मॅन्शन्स या इमारतीतल्या भारतीय खाणावळींवर काढतात. जरूर काढा, पण तिथेच अडकून पडू नका. हिरव्या पत्र्याचा ठेला, घडीची टेबलं, प्लास्टिकची स्टुलं आणि भडकलेली शेगडी असा दाय पाय दोंग दिसला की बसा. हे ठेले आता फार थोडे उरलेत. सरकारने १९५६ नंतर नवे परवाने दिले नाहीत आणि जुना परवानाही सहसा नवरा किंवा बायकोच्याच नावावर होतो, मुलांच्या नाही. बरेच ठेले मंडईच्या इमारतींत वरच्या मजल्यावर हलवले गेले. नवख्या माणसाला हे मजलेच सोयीचे. बाउरिंग्टन रोडच्या मंडईत खाली मासळी-भाजी आणि वर जेवणाचे गाळे आहेत.

कुणी येऊन जागा दाखवेल म्हणून ताटकळू नका. स्टूल रिकामं दिसलं की बसायचं, समोर अनोळखी माणूस जेवत असला तरी. गरम चहाची किटली आली की आधी त्या चहाने वाटी, चमचा, चॉपस्टिक्स विसळून घ्या. सगळे तेच करतात. वेटरला हाक मारायची ती इथल्या कँटोनीज भाषेत ‘म-गोय!’ अशी, खणखणीत आवाजात. बिल मागताना ‘माय दान’. खिशात रोख पैसे असू द्या.

मालवण-रत्नागिरीकडच्यांची तर इथे चंगळ आहे. काळ्या सोयाबीनच्या आंबवलेल्या दाण्यांत आणि मिरचीत परतलेल्या तिसऱ्या, मीठ-मिरचीतलं कुरकुरीत माकुल, तळलेल्या लसणाच्या चुऱ्याखाली झाकलेली कुर्ली. शाम शुई पो भागात रॉकेलच्या शेगडीवर रांधणारा जुना ठेला आहे. आच एवढी मोठी की कढईतल्या तांदळाच्या रुंद शेवया क्षणात काळपट होतात, कडांना धुराचा वास लागतो, आणि तरीही एकही शेवई तुटत नाही. ती चव घरच्या गॅसवर येत नाही. ताट समोर आलं की लगेच खा, पाच मिनिटांनी त्यातली मजा जाते. चौघं मिळून गेलात तर चार पदार्थ चाखता येतात.

यादीत ज्या मासळीपुढे आकडा नसेल तिचा भाव आधी विचारा. दर कॅटीवर असतो, म्हणजे साधारण ६०० ग्रॅमला.

शाकाहारी मंडळींना खरं ते सांगते. इथे नुसत्या पालेभाजीतही ऑयस्टर सॉस पडतो आणि वांग्याच्या भाजीत डुकराचा खिमा असतो. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. ‘न्गो सिक जाय’ म्हणा. हे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी खाणं, त्यात कांदा-लसूणही धरत नाहीत. पण बटाटा-गाजरासारखी कंदमुळं असू शकतात, तेव्हा जैनांनी तेही विचारून घ्या. शिवाय कढई तीच असते. ते चालत नसेल तर ठेल्यावर चहा घ्या आणि जेवायला शाकाहारी उपाहारगृहात जा. गोमांस टाळणाऱ्यांनी ‘न्गाउ’ हा शब्द ओळखायला शिका. शेवयांच्या त्या ताटातही बहुधा तेच असतं, तेव्हा सांगतानाच ‘म यिउ न्गाउ’, म्हणजे ‘गोमांस नको’, म्हणा.

सकाळी जायचं असेल तर सेंट्रल भागातल्या ‘मी लुन’ स्ट्रीटवरचा ठेला गाठा. टोमॅटोच्या रश्शातली मॅकरोनी आणि कडक दूध-चहा मिळतो. रविवारी मात्र बंद असतं आणि इतर दिवशीही दुपारनंतर आवराआवर सुरू होते.