मुलाला कॅन्सर झालेल्या घराला मदत कशी करावी

ओळखीतल्या कुणाच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर निघाला की पहिले आठ दिवस फोन थांबत नाहीत, पैसेही जमतात. पण मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचे, म्हणजे एएलएल या ल्युकेमियाचे, उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. काही महिन्यांत वडिलांची रोजी बुडते, उसनवारी वाढते आणि मूल जरा बरं दिसायला लागतं. मग काही आईबाप उपचार अर्ध्यावर सोडून गावी परततात. आपली मदत हे टाळण्यासाठी हवी.

१. कुटुंबाशी बोलायला एकच माणूस ठरवा. आईला तीच हकिगत वीस जणांना सांगायला लावू नका.

२. वर्गणी काढण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशन कार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट आणि प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स एका फाइलमध्ये लावून द्या. घाबरलेल्या माणसाला झेरॉक्सचं दुकान शोधणंही जड जातं. योजनेच्या रुग्णालयात रुग्णांना मदत करणारा योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसतो, त्याला आधी गाठा. योजना कॅशलेस आहे. स्वतः भरलेली बिलं नंतर परत मिळतील या भरवशावर राहू नका. उरलेल्या खर्चासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. कोणता ट्रस्ट कशाला मदत करतो, हे तिथल्या लोकांना माहीत असतं.

३. राहण्याची सोय बघा. परळच्या टाटा मेमोरियलला बाहेरगावाहून आलेल्यांचं खरं कंबरडं मोडतं ते मुंबईतल्या भाड्याने. सेंट ज्यूड ही संस्था २००६पासून कॅन्सरच्या उपचारांसाठी आलेल्या मुलांना आईवडिलांसह मोफत ठेवून घेते. तिथे सामायिक स्वयंपाकघर असतं, आई आपल्या हातचं करून घालू शकते. प्रवेश रुग्णालयामार्फत होतो, म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथेही चौकशी करा.

४. प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तपेशी, देणाऱ्यांची यादी आधीच करून ठेवा. प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे एकाच दिवशी दहा जणांनी जाऊन उपयोग नाही. नाव, रक्तगट, फोन आणि कोणत्या वारी मोकळे, एवढं लिहून घ्या आणि पाळ्या लावा.

५. रात्रीच्या टॅक्सीचे पैसे पाकिटात घालून आईच्या हाती द्या. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट ताप आला तर सकाळची वाट बघायची नसते, लगेच रुग्णालय गाठायचं असतं. केवळ पैशापायी ते थांबू नयेत. रेल्वे आणि एसटी दोन्हीकडे कॅन्सरच्या रुग्णांना सवलत आहे. त्याचा दाखला काढायला कुणीतरी सोबत जा.

६. भेटायला जाताना सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. मुलाची प्रतिकारशक्ती खाली आलेली असते. बाहेरची मिठाई, चिरलेली फळं नेऊ नका. काय चालेल ते आहारतज्ज्ञांना विचारून किराणा भरून द्या.

७. मोठी रक्कम द्यायची असेल तर मुलाचा रुग्णालयातला केस नंबर घेऊन थेट रुग्णालयात भरता येते का ते विचारा. वर्गणीसाठी केस गळलेल्या मुलाचा फोटो ग्रुपवर फिरवू नका. ते मूल उद्या शाळेत जाणार आहे.

८. गावी राहिलेल्या भावंडांकडे लक्ष द्या. महिनोन्‌महिने आईविना आजीजवळ राहणाऱ्या बहिणीची शाळेची फी, वह्या आणि संध्याकाळचा अभ्यास एखाद्या शेजाऱ्याने अंगावर घेतला, तर मुंबईतल्या आईचा एक घोर कमी होतो.