गेटवे, रायगड आणि अजिंठा घेऊन ॲक्टिव्ह-पॅसिव्हचा सराव

'राम आंबा खातो' हे वाक्य कितीही वेळा उलटवलं तरी इंग्रजीतला व्हॉइस, म्हणजे ॲक्टिव्ह-पॅसिव्ह, अंगात मुरत नाही. 'अ मँगो इज ईटन बाय राम' असं कोणी बोलत नाही, त्यामुळे पॅसिव्ह कशासाठी असतो हेच कळत नाही. ऐतिहासिक वास्तूचं तसं नसतं. तिला कोणीतरी बांधतं, जिंकतं, रंगवतं, दुरुस्त करतं, तिचं नाव बदलतं. म्हणून वास्तूबद्दल लिहायला बसलं की पॅसिव्ह मुद्दाम ओढून आणावा लागत नाही.

सुरुवातीलाच मराठीतला एक खड्डा ओळखून ठेवा. 'बाजीरावांनी शनिवारवाडा बांधला' हा आपल्या व्याकरणात कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद वाड्यामागे चालतं: वाडा बांधला, भिंत बांधली, बुरूज बांधले. 'कर्मणी म्हणजे पॅसिव्ह' हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं असेल, तर 'बाजीराव वॉज बिल्ट शनिवारवाडा' असं वाक्य कागदावर उतरतं, आणि त्याचा अर्थ होतो की बाजीरावांनाच कोणीतरी बांधलं! इंग्रजीत हे साधं ॲक्टिव्ह आहे: 'बाजीराव बिल्ट शनिवारवाडा.' पॅसिव्हला जवळची मराठी रूपं म्हणजे 'बांधला गेला' आणि 'बांधण्यात आला'. तेव्हा मराठी प्रयोग बाजूला ठेवा आणि इंग्रजी वाक्यात पहिल्या जागी कोण बसलंय ते बघा, काम करणारा की काम झेलणारा.

आता एक वास्तू निवडा आणि तिच्याबद्दलच्या सहा-सात गोष्टी ॲक्टिव्हमध्ये लिहून काढा. प्रत्येक ओळीत कर्ता, क्रिया आणि शक्यतो साल हवं. गेटवे ऑफ इंडिया घेऊ. गव्हर्नरने ३१ मार्च १९१३ रोजी पायाभरणी केली. जॉर्ज विटेटने आराखडा काढला. कामगारांनी १९२४ मध्ये बांधकाम पुरं केलं. व्हाइसरॉयने ४ डिसेंबर १९२४ रोजी उद्घाटन केलं. २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. गेटवे अपोलो बंदरावर उभा आहे. रोज हजारो पर्यटक तो बघायला येतात.

पहिली ओळ सावकाश उलटवून बघू. 'द गव्हर्नर लेड द फाउंडेशन स्टोन.' क्रियापदाला 'काय?' असा प्रश्न विचारा. उत्तर 'फाउंडेशन स्टोन', तेच नव्या वाक्याच्या तोंडाशी येणार. काळ साधा भूत, वस्तू एक, म्हणून 'बी'चं रूप 'वॉज'. त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप. 'ले'ची रूपं ले-लेड-लेड, म्हणून 'द फाउंडेशन स्टोन वॉज लेड बाय द गव्हर्नर ऑन ३१ मार्च १९१३.' काळ नेहमी 'बी'च्या अंगावर असतो आणि मुख्य क्रियापद तिसऱ्या रूपात गप्प बसतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'वॉज लेन'. ते 'लाय'चं, म्हणजे पडून राहण्याचं तिसरं रूप आहे. दगड कोणीतरी बसवलाय, तो आपणहून पडलेला नाही.

विटेट आणि व्हाइसरॉय यांच्या ओळी याच रीतीने फिरतात. कामगारांच्या ओळीत मात्र 'बाय वर्कर्स' खोडून टाका. बांधकाम कामगारच करतात, त्यात नवीन माहिती नाही. 'इट वॉज कम्प्लीटेड इन १९२४' एवढं पुरतं. विटेटचं नाव ठेवायचं, कारण ते वाचणाऱ्याला माहीत नसतं. 'बाय' ठेवायचा की गाळायचा हे असंच ठरवावं. पाठ्यपुस्तकातल्या सरावात तो प्रत्येक वाक्याला चिकटवायची सवय लागते, ती इथेच मोडा.

'गेटवे उभा आहे' ही ओळ उलटवूच नका. 'स्टँड'ला 'काय?' विचारलं तर उत्तर येत नाही, म्हणून 'इज स्टूड' होत नाही. कोलॅप्स, रिमेन, हॅपन, बिलाँग ही त्याच जातीची. 'द वॉल वॉज कोलॅप्स्ड' असं बऱ्याचदा वाचायला मिळतं, ते चूक आहे. 'द वॉल कोलॅप्स्ड' म्हणा. तुकडीची ओळही ॲक्टिव्हच ठेवा. 'इंडिया वॉज लेफ्ट बाय द ट्रूप्स' नियमात बसतं, पण कानाला भलतंच लागतं.

साल आणि साहित्य यांच्याजवळ 'बाय' घसरतो. 'बाय १९२४' म्हणजे १९२४ पर्यंत. त्या साली म्हणायचं तर 'इन १९२४'. गेटवे बेसॉल्टचा आहे, म्हणून 'इज मेड ऑफ बेसॉल्ट'. वेरूळचं कैलास लेणं एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलं, म्हणून 'वॉज कार्व्ड आउट ऑफ अ सिंगल रॉक'. अजिंठ्याच्या भिंती 'आर कव्हर्ड विथ पेंटिंग्ज'. तिन्ही पॅसिव्हच्या साच्यातली वाक्यं आहेत आणि एकातही 'बाय' नाही.

अजिंठ्यात आणखी एक फसवं रूप आहे. 'फाइंड'चं तिसरं रूप 'फाउंड'. 'फाउंडेड' म्हणजे स्थापन केलेलं. 'द केव्हज वेअर फाउंडेड बाय जॉन स्मिथ इन १८१९' लिहिलंत, तर लेणी त्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावर लागली! 'वेअर फाउंड' चालेल, पण तो यायच्या आधीही लेणी तिथेच होती, म्हणून 'वेअर रीडिस्कव्हर्ड' जास्त प्रामाणिक. लेणी अनेक, म्हणून 'वॉज' नाही, 'वेअर'.

काळांच्या सरावाला मुंबईचं सीएसएमटी उत्तम. 'वॉज डिझाइन्ड बाय एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स', 'इज यूज्ड बाय थाउजंड्स ऑफ पॅसेंजर्स एव्हरी डे', 'वॉज रीनेम्ड इन १९९६'. साल दिलं की 'हॅज बीन रीनेम्ड' चालत नाही. साल नसेल तर चालतं. दुरुस्ती आत्ता चालू असेल तर 'इज बीइंग रिपेअर्ड'. यातला 'बीइंग' गळाला की 'इज रिपेअर्ड' उरतं, आणि वाचणारा समजतो की दुरुस्ती नेहमीच होत असते.

हे जमलं की परिच्छेदावर या. रायगडाचे चार प्रसंग घ्या: १६५६ मध्ये महाराजांनी रायरी (रायगडाचं जुनं नाव) मोऱ्यांकडून घेतली, हिरोजी इंदुलकरांनी गड बांधला, ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला, १८१८ मध्ये इंग्रजांनी गड जिंकला. आधी हे गडावरच्या माहितीफलकासाठी लिहा, नायक गड. 'वॉज कॅप्चर्ड', 'वॉज बिल्ट' अशी वाक्यं येतील. मग महाराजांना नायक करून लिहा. पहिलं वाक्य ॲक्टिव्ह होईल. राज्याभिषेकाचं मात्र इथेही पॅसिव्ह, 'वॉज क्राउन्ड ॲट रायगड', कारण अभिषेक त्यांच्यावर झाला. १८१८ ची ओळ या परिच्छेदात बसणारच नाही, ती गाळा.

हिरोजींच्या ओळीत बरेच जण अडतात. कर्ता महाराज ठेवायचे, पण हाताने बांधकाम करणारे हिरोजी. मराठीत आपण 'बांधून घेतला' म्हणतो, इंग्रजीत 'शिवाजी महाराज हॅड द फोर्ट बिल्ट बाय हिरोजी इंदुलकर'. 'हॅड', मग वस्तू, मग तिसरं रूप. हा क्रम हलला की अर्थ हलतो. 'हॅड बिल्ट द फोर्ट' म्हटलं तर महाराजांनी स्वतःच गड बांधला होता असं होतं. हाच साचा ताजमहाल आणि शहाजहानवर वापरून बघा.