फ्लश टाकी भरताना आवाज येतो? या चुका टाळा

फ्लश टाकी भरताना शिट्टी, घरघर किंवा धडधड ऐकू येऊ लागली की प्लंबरला बोलावून आतला इनलेट व्हॉल्व्ह (टाकीत पाणी सोडणारी आणि ती भरली की बंद करणारी झडप) बदलून घेणे, हा आपल्याकडचा ठरलेला उपाय आहे. नवा व्हॉल्व्ह काही महिने गप्प राहतो आणि पुन्हा तोच आवाज सुरू होतो. आवाज व्हॉल्व्हमधून येत असला तरी त्याचे मूळ बहुतेक वेळा पाण्यातील कचरा, पाण्याचा दाब किंवा टाकीत टाकलेले एखादे रसायन यांत असते, आणि ते तसेच राहिले तर नव्या व्हॉल्व्हचीही तीच गत होते.

पहिली चूक म्हणजे आवाज नेमका केव्हा येतो हे न ऐकताच दुरुस्तीला हात घालणे. टाकी भरायला लागल्यापासून सतत सूं-सूं असा आवाज येत असेल, तर पाण्याची वाट कुठेतरी अरुंद झाली आहे किंवा दाब जास्त आहे, असे समजावे. टाकी भरत आल्यावर शेवटच्या काही क्षणांत किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर व्हॉल्व्हमधील रबरी पडदा किंवा वॉशर झिजून कडक झालेला असतो. बंद होत जाणाऱ्या फटीतून पाणी वेगाने जाते आणि ते रबर थरथरते. पाणी थांबताच भिंतीत ‘धप्’ असा ठोका ऐकू येत असेल, तर वेगाने येणारे पाणी एकदम अडल्यामुळे पाइपाला धक्का बसतो आहे. अशा वेळी पाइपाचे सैल झालेले क्लॅम्प घट्ट करावेत आणि दाबाकडे पाहावे, व्हॉल्व्हला दोष देऊ नये.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते जाळीकडे. कनेक्शन पाइप जिथे व्हॉल्व्हला जोडला जातो तिथे आतल्या बाजूस बहुतेक व्हॉल्व्हना बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी असते, आणि ती आहे हेच अनेक घरांत कोणाला ठाऊक नसते. गच्चीवरची टाकी धुतल्यानंतर, पाणीकपात संपून गढूळ पाणी आल्यावर किंवा सोसायटीत पाइपांचे काम झाल्यावर वाळू, गंजाचे कण आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे याच जाळीत येऊन बसतात. म्हणून गच्चीवरची टाकी धुतली की त्याच आठवड्यात प्रत्येक संडासातील जाळी काढून धुवावी. अँगल कॉक (भिंतीतून टाकीकडे जाणारे पाणी बंद करणारा छोटा नळ) बंद करावा, फ्लश करून टाकी रिकामी करावी, खाली बादली ठेवून कनेक्शन पाइप सोडवावा आणि जाळी जुन्या टूथब्रशने घासावी. पाइप पुन्हा जोडण्यापूर्वी त्याचे तोंड बादलीत धरून कॉक दोन-तीन सेकंद उघडावा, म्हणजे पाइपात अडकलेला कचरा बाहेर पडतो. या पाइपाच्या आट्यांवर टेप गुंडाळण्याची सवयही सोडावी, कारण तिथे गळती थांबवण्याचे काम आतला रबरी वॉशर करतो आणि टेपचे सुटलेले धागे मात्र पुढे व्हॉल्व्हमध्ये जातात. व्हॉल्व्हचे टोपण उघडून पडदा धुतला तर तो ज्या बाजूने होता त्याच बाजूने बसवावा; पडद्याला बारीक भोक असल्यास ते पाण्याच्या धारेने मोकळे करावे, सुई घालून मोठे करू नये.

बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत क्षारांचा पांढरा थर ही वेगळीच कटकट असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे थर जमवणाऱ्या क्षारांची, स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत मुभा आहे; टाकीच्या कडेला थर साचत असेल, तर तोच व्हॉल्व्हच्या आतही साचतो आहे हे गृहीत धरावे. तो काढण्यासाठी टाकीत ॲसिड ओतणे ही मोठी चूक आहे, कारण त्याने रबर आणि धातूचे भाग खराब होतात; शिवाय ते ब्लीचच्या संपर्कात आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. सुटे काढलेले भाग अर्धा तास व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवणे पुरेसे असते. टाकीत सोडायच्या क्लोरीनयुक्त वड्याही टाळलेल्या बऱ्या: संडासाचे भांडे स्वच्छ दिसते, पण टाकीतले रबर लवकर खराब होते.

दाबाचे गणित सोपे आहे. पाण्याच्या दर 10 मीटर उंचीमागे साधारण 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब मिळतो. म्हणजे बारा मजली इमारतीत तळमजल्यावर, मध्ये दाब कमी करण्याची सोय नसेल तर, तो साडेतीन किलोच्या आसपास जातो. रात्री कोणी पाणी वापरत नसताना हा दाब पूर्णपणे लागू होतो, म्हणून दिवसा न जाणवणारी शिट्टी रात्री ऐकू येते. अँगल कॉक थोडा बंद करून पाहणे ही परीक्षा म्हणून उत्तम आहे: आवाज थांबला तर दोष दाबाचा. मात्र कॉक कायम अर्धवट ठेवला तर जुन्या पद्धतीच्या कॉकमधला वॉशरच थडथडू लागतो. खालच्या सर्व मजल्यांवर आवाज असेल, तर प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्हचा (मुख्य पाइपावर बसवून दाब कमी करणाऱ्या झडपेचा) विषय सोसायटीच्या बैठकीत काढावा.

कोणी वापर न करताही टाकी मधूनच भरत असेल, तर पाणी भांड्यात झिरपते आहे. टाकीत खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटांत तो भांड्यात उतरतो का, ते पाहावे. उतरला तर फ्लश व्हॉल्व्हचे (टाकीच्या तळाशी भांड्यात पाणी सोडणाऱ्या झडपेचे) रबरी सील बदलावे. जुन्या बॉल कॉकचा (तरंगत्या गोळ्यावर चालणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हचा) दांडा वाकवून पातळी साधू नये, आणि पाणी पातळीखाली सोडणारी नळी गळून पडली असेल तर ती आधी बसवावी, कारण नुसत्या उंचावरून पडणाऱ्या धारेचाही मोठा आवाज होतो.

एवढे करूनही किंचाळणे थांबले नाही, तर पडदा किंवा वॉशर सुटा मिळतो का हे आधी पाहावे, आणि न मिळाल्यास पूर्ण व्हॉल्व्ह बदलावा. पाणी बाजूने येते की खालून, यानुसार व्हॉल्व्ह वेगवेगळे असतात, म्हणून दुकानात जाताना जुना व्हॉल्व्ह सोबत न्यावा.