सह्याद्रीतल्या झुडपांचे रंग बघताना या चुका टाळा

पानगळीचे रंग बघायला ऑक्टोबरात निघू नका. दरवर्षी हेच होतं. परदेशातल्या लालभडक जंगलांचे फोटो बघून मंडळी दिवाळीच्या सुट्टीत सह्याद्री गाठतात. तेव्हा इथे गवत पिवळं पडत असतं, झुडपं मात्र हिरवीगार. आपल्याकडची बहुतेक झुडपं जमिनीतलं पाणी आटत चाललं की पानं टाकतात. त्यामुळे बघायचा काळ शिशिराचा, माघ-फाल्गुन.

लाल दिसलं की पानगळ, ही त्याहून मोठी चूक. फेब्रुवारी-मार्चात उघड्या उतारावर पेटल्यासारखं झुडूप दिसलं तर ती बहुधा फुललेली धायटी. जवळ जाऊन बघा. फांदीला चिकटून नळीसारख्या फुलांचे झुबके असतात. लाल रंग त्या निदलपुंजाच्या, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या आवरणाच्या, नळीचा, पाकळ्या अगदी इवल्या. पान उलटं केलं की करडी-पांढुरकी लव आणि तिच्यात बारीक काळे ठिपके दिसतात. करवंदीचे तांबूस शेंडे हीसुद्धा पानगळ नाही, ती नवी पालवी. कोवळ्या पानात अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य साठतं. जुनं पान पिवळं होतं ते हरितद्रव्य मोडून आधीपासून असलेली कॅरोटिनॉइडं ही पिवळी रंगद्रव्यं उघडी पडल्यामुळे.

मी आधी रंग फांदीवर कुठे आहे ते बघतो. शेंड्याला आणि पान लुसलुशीत असेल तर पालवी. खालच्या पेरांवर आणि पान हलक्या स्पर्शाने सुटत असेल तर पानगळ. ॲपला फोटो दाखवून झाडाचं नाव कळेल, पान येतंय की जातंय ते कळणार नाही.

आता उजेड. लोक सूर्य पाठीशी घेऊन बघतात, तेही भर दुपारी. मागच्या शिशिरात घाटमाथ्यावरून उतरताना एका गटाशी गाठ पडली. साडेबाराची वेळ. त्यातला एक मुलगा मुरुडशेंगीच्या झुडपाचे पाच-सहा फोटो काढून म्हणाला, "काका, इथे काही रंगबिंग नाही, सगळं मातकट आहे." त्याला म्हटलं, पलीकडे जा, उताराच्या खाली बस आणि सूर्याकडे तोंड करून याच पानांकडे बघ. कुरकुरत गेला. बसल्यावर गप्पच झाला. वरून जे पान भुरकट होतं, त्यातून उजेड आरपार येताच हळदीसारखं पिवळं दिसत होतं आणि शिरा तपकिरी, एकेक मोजता येतील अशा. दुपारचं ऊन पानाच्या पृष्ठभागावरून परतताना पांढुरकी चकाकी घेऊन येतं आणि रंग तिच्याखाली दबतो. बाकीचे तोवर पुढच्या पॉइंटकडे निघाले होते. त्यांची घाई मला आजवर कळलेली नाही. एका झुडपापाशी सकाळी सात ते नऊ बसलात तर दहा पॉइंट फिरून मिळणार नाही एवढं दिसतं. आधी सावलीतलं पान आभाळाच्या उजेडात निळसर, थंड असतं. मग कोवळं ऊन पोचतं आणि तेच पान तांबूस होतं.

फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतले रंग आपोआप जुळवणारी सोय, हा तांबूसपणा दुरुस्त करून टाकतो. सेटिंग 'डेलाइट'वर ठेवा.

रंगीत काचेचा गॉगल काढा.

ढगाळ दिवस फुकट समजू नका. चकाकी नसल्याने अंजनीच्या झुडपासारखी तुळतुळीत पानं त्याच दिवशी खरी दिसतात.

सूर्य बुडाल्यावर लाल रंग नोंदवायचा सोडून द्या. अंधुक उजेडात डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात आणि त्यांना तांबडा प्रकाश जवळपास जाणवत नाही. म्हणून धायटी आधी काळवंडते, हिरवी पानं त्यामानाने उजळ राहतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किनिये याने एकोणिसाव्या शतकातच हे टिपलं होतं. तेव्हा वहीत रंगासमोर वेळ लिहा आणि सूर्य कोणत्या बाजूला होता तेही लिहा. नुसतं 'लाल' लिहिलेली नोंद पुढच्या वर्षी काही कामाची नसते.