पऱ्हाटीच्या पानावर संत्र्याचा डिंक्या

दारव्ह्याकडच्या एका गावात माझ्या मामांचं कृषी केंद्र आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांच्यासाठी मी पहिली वेबसाइट केली. मागणी एवढीच होती की पिकाच्या नावावर बोट ठेवलं की त्या पिकाचे लेख दिसले पाहिजेत. पीएचपी, म्हणजे वेबसाइट बनवायची एक भाषा, शिकायला घेतली की हे काम कधी ना कधी पुढ्यात येतंच. मी ते जसं बिघडवलं तसंच बरेच जण बिघडवतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात यूट्यूबवरच्या एका जुन्या व्हिडिओपासून झाली. त्यातला कोड जसाच्या तसा उतरवला, झॅम्पवर, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवर वेबसाइट चालवून बघायच्या सॉफ्टवेअरवर, चालवला आणि पहिल्याच ओळीला 'अनडिफाइंड फंक्शन मायएसक्यूएल कनेक्ट' असा एरर आला. आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून दोन रात्री घालवल्या. चूक माझी नव्हतीच. ती जुनी फंक्शनं २०१५ च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकली आहेत. व्हिडिओत ती दिसली की व्हिडिओ बंद करायचा आणि पीडीओ, म्हणजे पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची नवी पद्धत, शिकायची. डेटाबेसची जोडणी करताना कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) 'यूटीएफ८एमबी४' द्यायला विसरू नका. नाहीतर मराठी शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागू शकते.

आता खरा घोळ. लेखांच्या टेबलातच मी 'वर्ग' नावाचा एक कॉलम ठेवला होता. कापूस १, तूर २, सोयाबीन ३ असे क्रमांक. आमच्याकडे कपाशीत तुरीचे तास घ्यायची जुनी रीत, त्यामुळे आंतरपिकाचा लेख दोन्हीकडे दिसायला हवा. मग त्या लेखापुढे मी '१,२' लिहून टाकलं. शोधायला 'लाइक' वापरलं, क्रमांकाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह देऊन. नऊ पिकं होईपर्यंत बिनतक्रार चाललं. दहावा आला संत्रा, आणि त्याला क्रमांक मिळाला १०. दुसऱ्या दिवशी मामांचा फोन.

"काऊन बे, पऱ्हाटीले डिंक्या कधीपासून व्हाले लागला?"

पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि कापसाच्या पानावर संत्र्याच्या डिंक्या रोगाचा लेख झळकत होता, वर बुंध्याला बोर्डो पेस्ट लावायचा सल्ला. १० मध्ये १ आहेच की. 'लाइक'ला संख्या कळत नाही, त्याला फक्त अक्षरं दिसतात.

मी आधी ठिगळ लावलं. पुढेमागे स्वल्पविराम जोडून ',१,' असं शोधायला लागलो. उत्तर बरोबर यायचं, पण असा शोध इंडेक्सचा, म्हणजे डेटाबेसने पटकन शोधायला ठेवलेल्या सूचीचा, उपयोग करत नाही, आणि एखादा वर्ग काढायचा म्हटलं की प्रत्येक लेखातली ती ओळ कापत बसा. शेवटी कॉलेजातल्या एका सीनियर दादाने वहीवर तीन चौकोन काढले. डावीकडे 'लेख', उजवीकडे 'वर्ग', मध्ये 'लेख_वर्ग'. मधल्यात दोनच कॉलम, लेखाचा क्रमांक आणि वर्गाचा क्रमांक. सातवा लेख कापसाचाही आणि तुरीचाही, तर दोन ओळी: ७-१ आणि ७-२. सातबाऱ्यावर एकाच गटापुढे पिकं वेगवेगळी लिहिलेली असतात, तसंच. मला ते तिथेच पटलं. मग क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, अशी झाली (वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत देतो, एडिटरमध्ये अर्थातच इंग्रजीत; 'ले' आणि 'लव' ही टेबलांची आखूड नावं, 'जॉइन' म्हणजे टेबलं जोडणं, 'डेस्क' म्हणजे नवीन आधी):

सिलेक्ट ले.शीर्षक फ्रॉम लेख ले
जॉइन लेख_वर्ग लव ऑन लव.लेख_आयडी = ले.आयडी
व्हेअर लव.वर्ग_आयडी = ?
ऑर्डर बाय ले.तारीख डेस्क

ते प्रश्नचिन्ह महत्त्वाचं. लिंकमधून आलेला क्रमांक क्वेरीत थेट चिकटवायचा नाही, आधी 'प्रिपेअर' आणि मग 'एक्झिक्यूट' करताना तो द्यायचा. नाहीतर लिंकच्या जागी कोणीही काहीही टाइप करून तुमच्या डेटाबेसशी खेळेल. एकाच वेळी तीन वर्ग शोधायचे असतील तर 'इन' वापरा, पण एका प्रश्नचिन्हात क्रमांकांच्या यादीचा अख्खा अ‍ॅरे जात नाही. तीन क्रमांकांना तीन प्रश्नचिन्हं. शिवाय 'इन'मध्ये आंतरपिकाचा लेख दोनदा येतो, त्यासाठी दुहेरी ओळी गाळणारं 'डिस्टिंक्ट'. आणि काहीही अडलं तर क्वेरी आधी डेटाबेस थेट हाताळायच्या साधनात, म्हणजे पीएचपी-मायअ‍ॅडमिनमध्ये चालवून बघा. तिथे उत्तर चुकलं तर पीएचपीला दोष देण्यात अर्थ नाही.

पुढे नागपुरात नोकरीच्या मुलाखतीला हाच प्रश्न आला: एका लेखाला अनेक वर्ग असतील तर टेबलं किती? मी दादासारखे तीन चौकोन काढून दाखवले. तिथे काम मात्र वर्डप्रेसचं, म्हणजे वेबसाइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरचं निघालं. त्यात हे जॉइन 'डब्ल्यूपी क्वेरी' स्वतःच करते, तुम्ही फक्त काय हवं ते सांगायचं. नावं मात्र फसवी आहेत. 'कॅटेगरी नेम' म्हटलं तरी त्याला नाव नको असतं, स्लग, म्हणजे लिंकमध्ये वापरायचं त्याचं आखूड रूप, हवा असतो. 'कॅट'ला क्रमांक दिला की पोटवर्गांतले लेखही येतात, 'कॅटेगरी इन'मध्ये येत नाहीत. 'लेख कमीच का दिसतात' म्हणून मी एक दुपार घालवली, तर सेटिंगमध्ये पानाला १० ची मर्यादा, जी मुळातच तशी असते. आणि लेख एकेक करून दाखवणारा स्वतःचा लूप संपला की 'रीसेट पोस्टडेटा' करा, नाहीतर खालच्या भागात भलत्याच लेखाचं शीर्षक येऊन बसतं.

मामांची शेवटची फर्माइश राहिलीच. "पऱ्हाटी अन् तूर, दोन्ही ज्याच्यात हाये तेवढेच दाखव." 'इन' इथे कामाचं नाही, ते 'हे किंवा ते' आणतं. दोन्ही हवेत तर 'इन'नंतर लेखाच्या आयडीवर 'ग्रुप बाय' आणि पुढे 'हॅविंग काउंट' बरोबर २, म्हणजे दोन्ही वर्गांत सापडलेलेच लेख उरतात. रात्री अकराला चालवलं, मामांना लिंक पाठवली.

"दोनच लेख?"

"मामा, तुम्ही दोनच लिहिले."