पुपुसा तव्यावर फुटते? या चुका टाळा

पुपुसा म्हणजे आत सारण भरून थापलेली मक्याची जाड भाकरी. ती तव्यावर टाकली, कडेने चीज वाहून गेलं, उलटायला गेलं तर अर्धी तव्यालाच चिकटून राहिली. पहिल्यांदा करणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं, आणि दोष मात्र थापण्यावर जातो. पुपुसा बिघडते ती त्याच्या कितीतरी आधी, परातीत. पिठातलं आणि सारणातलं पाणी जमलं की हात बसायला वेळ लागत नाही.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशाचा हा राष्ट्रीय पदार्थ. २००५ साली तिथल्या संसदेने तसं रीतसर जाहीर केलं आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार पुपुसाचा दिवस म्हणून ठरवला. १९८० ते १९९२ च्या यादवी युद्धात लाखो लोक देश सोडून गेले, त्यातले बरेचसे अमेरिकेत. त्यांच्याबरोबर पुपुसाही गेली. मी ती शिकले मेरीलँडला, शेजारच्या साल्वादोरी आजींकडून. त्यांच्याकडे वजनकाटा नव्हता, मोजायचा कपही नव्हता.

चुकीचं पीठ

आपल्याकडे कॉर्न फ्लोअर म्हणून मिळतो तो मक्याचा स्टार्च, सूप दाट करायचा. त्याची पुपुसा होत नाही. मक्याच्या भाकरीचं पीठही तसंच चालत नाही, कारण पुपुसासाठी वाळलेला मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याच पाण्यात रात्रभर ठेवतात, चोळून धुतात आणि मग ओलाच दळतात. १ किलो मक्याला साधारण १० ग्रॅम चुना पुरतो, पानाला लावतात तोच. चुन्याने दाण्याचं साल सुटतं, आतला चिकटपणा मोकळा होतो आणि ग्लुटेन नसूनही पीठ धरून राहतं. पुपुसेचा तो ओळखीचा वासही चुन्यामुळेच येतो. म्हणून स्वीट कॉर्न वाटून केलेली पुपुसा मला पुपुसा वाटतच नाही.

या पिठाचं कोरडं रूप म्हणजे ‘मासा आरिना’. ते ऑनलाइन मिळतं. पाकिटावर नाव नीट वाचा: वेनेझुएला-कोलंबियातल्या अरेपाचं, म्हणजे तिथल्या मक्याच्या भाकरीचं पीठ त्याच्या शेजारीच ठेवलेलं असतं, पण ते चुन्यातलं नसतं.

मासा आरिना मिळालंच नाही, तर दुसरी वाट आहे. राजधानी सान साल्वादोरजवळच्या ओलोकुइल्ता गावाची ख्याती तांदळाच्या पुपुसांची आहे. तांदळाच्या पिठीची उकड काढून मळणं आपल्याला मोदकांमुळे ठाऊकच आहे. भाकरीच्या पिठाशी झगडण्यापेक्षा ती पुपुसा करा.

कोरडी कणीक

दोन कप मासा आरिनाला दीड ते पावणेदोन कप कोमट पाणी आणि मीठ. मळून झाकून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. ही विश्रांती टाळू नका, कारण पीठ पाणी हळूहळू पितं. मळताना बरोबर वाटलेली कणीक थोड्या वेळाने घट्ट झालेली असते.

माझी पहिली गोळी आजींनी तळहातावर घेतली आणि अंगठ्याने दाबली. कडेला चार-पाच बारीक भेगा पडल्या. त्या काही बोलल्या नाहीत. ओंजळीत थोडं पाणी घेऊन परातीत शिंपडलं, पुन्हा मळलं, पुन्हा दाबलं. भेगा उरल्या नाहीत तेव्हाच सारणाचं भांडं पुढे ओढलं. ही परीक्षा मी आजही दरवेळी करते. भेगा पडल्या तर चमचाभर पाणी, हाताला चिकटली तर चिमूटभर पीठ. गव्हाच्या कणकेपेक्षा ही जरा सैल हवी.

ओलं सारण

इथे सगळ्यात जास्त पुपुसा वाया जातात. घेवड्यासारख्या लहान लाल बियांचे ‘फ्रिहोलेस’ शिजवून, वाटून, तेलावर इतके परतायचे की कालथ्याने रेघ ओढली तर ती तशीच राहिली पाहिजे. पुरण शिजल्याची खूण आठवा. गरम सारण भरू नका, वाफेने कणीक मऊ पडते.

चीज तिथे ‘केसियो’ वापरतात, तार सुटणारं. त्याच्या जागी पाण्यात ठेवलेलं ताजं मोझरेला घेतलं की पाणी सुटून पुपुसा फुटणारच. पिझ्झासाठी मिळतं ते घट्ट मोझरेला किसून घ्या. नुसतं पनीर वितळत नाही. लोरोको, म्हणजे तिथल्या एका वेलीच्या कळ्या, बरणीतल्या असतील तर घट्ट पिळून घ्या. आणि ‘चिचार्रोन’ म्हटलं की डुकराच्या कुरकुरीत सालीचं पाकीट आणू नका. पुपुसात जातं ते शिजवून टोमॅटो, मिरचीसकट लगद्यासारखं वाटलेलं मांस.

चीज आणि फ्रिहोलेस वेगवेगळे भरण्यापेक्षा एकत्र मळून घ्या. सारण कणकेइतकंच मऊ असेल तर दोन्ही बरोबरीने पसरतात. चीजचा कडक तुकडा राहिला की थापताना तोच बाहेर डोकावतो.

थापणं आणि भाजणं

जवळ एक वाटी ठेवा, पाणी आणि थोडं तेल घातलेली. दर गोळीआधी हात त्यात बुडवा. पुरणपोळीसारखी वाटी करा, मोठा चमचाभर सारण भरा, तोंड बंद करून वरची जादा कणीक काढून टाका, नाहीतर एका बाजूला नुसतं पीठच लागतं. लाटणं नको. भाकरीसारखी दोन्ही तळहातांत फिरवत अर्ध्या ते पाऊण सेंटिमीटर जाडीची थापा.

तिथल्या ‘कोमाल’ची जागा आपला बिडाचा तवा उत्तम घेतो. मध्यम आच, तेलाचं नुसतं बोट, दर बाजूला तीन-चार मिनिटं. तवा नीट तापलेला नसेल तर चिकटेल. पहिली बाजू स्वतःहून सुटेपर्यंत उलथणं घालू नका. कुठेतरी थोडं चीज बाहेर येऊन करपलं तर घाबरू नका, त्या कुरकुरीत कडेसाठीच घरात भांडणं होतात.

घाईतलं कुर्तिदो

कोबी, गाजर, कांद्याचं हे व्हिनेगरमधलं तोंडीलावणं ऐनवेळी केलं तर कच्ची कोशिंबीर लागते. कोबीवर उकळतं पाणी ओतून लगेच निथळा, ओरेगानो घाला आणि आदल्या रात्रीच करून ठेवा. पातळ टोमॅटोची साल्साही हवी. मग काटा-चमचा बाजूला ठेवून हातानेच खा.

उरलेल्या पुपुसा मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतात. कोरड्या तव्यावर मंद आचेवर झाकण न ठेवता गरम करा.