कुकरची रिंग आणि बाकीचे सामान : कॅम्परने दोघांनी लेहला जाण्याची तयारी

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात आम्ही दोघे पुण्याहून आमच्या कॅम्परने, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, मनालीमार्गे लेहला गेलो, तेव्हा गाडीत बारा टॉवेल होते आणि कुकरची जादा रिंग एकही नव्हती. यंदा पुन्हा जायचे ठरले आहे, म्हणून ही यादी लिहून काढत आहे.

कागदपत्रे सर्वांना पाठ असतात, त्यांविषयी लिहीत नाही. मात्र गाडीत ओटा, पलंग, पाण्याची टाकी असे बदल करून घेतले असतील, तर ते नोंदणीपुस्तकात चढवलेले असावेत. बाहेरच्या राज्यांतले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, त्यामुळे दोघांपैकी एकाचे तरी सिम पोस्टपेड करून घ्यावे आणि हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

आता स्वयंपाकघर. मनाली-लेह वाटेवरच्या सरचूला, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, संध्याकाळी मी कुकर लावला. शिट्टी होण्याऐवजी झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसू लागली आणि डाळीचे पिवळे पाणी ओघळून शेगडीवर आले. रिंग काढून बोटांनी ताणून पाहिली, तर एका जागी नखाएवढी चीर होती. ह्यांनी कणीक मळून झाकणाची कड लिंपून पाहिली, तीही पाच मिनिटांत सुटली. शेवटी पातेल्यात दोन तास उकळलेली तूरडाळ दाताखाली कचकचत होती आणि भात वरून मऊ, आतून कच्चा होता. त्या उंचीवर पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते. आच कितीही मोठी केली तरी उघड्या पातेल्यातले पाणी त्याहून तापत नाही, नुसता गॅस जळतो. कुकर वाफ कोंडून तेच तापमान ११० अंशांच्या वर नेतो, पण वाफ कोंडण्यासाठी रिंग लागते. पाच किलोचा छोटा सिलिंडर पंधरा दिवस पुरेल असा आमचा हिशेब होता. तो आठव्या दिवशी संपला.

लेहच्या बाजारात रिंगा टांगलेल्या होत्या, परंतु आमच्या तीन लिटरच्या, आतल्या झाकणाच्या कुकरला त्यांतली एकही बसली नाही. रिंग घेताना कंपनी, माप आणि झाकणाचा प्रकार हे तिन्ही जुळावे लागते. म्हणून निघण्याआधी महिनाभर नवी रिंग बसवून ती रोज वापरावी, म्हणजे तिच्यात दोष असल्यास घरीच कळतो. त्याशिवाय आणखी दोन कोऱ्या रिंगा घ्याव्यात. एक मसाल्याच्या डब्याखाली ठेवावी, दुसरी गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत. काढलेली जुनी रिंग ‘असू दे, लागली तर’ म्हणून जपून ठेवू नये, फेकून द्यावी. सोबत एक सेफ्टी व्हॉल्व्हही असावा.

डाळींपैकी मूग आणि मसूर न्याव्यात. मेतकूट, भाजणी, पोहे, लसणाची चटणी हे आहेच. चिवडा घरच्या डब्यात भरून न्यावा. हवाबंद पाकिटे उंचीवर फुग्यासारखी टम्म होतात आणि आमचे एक कपाटातच फुटले. थंडीत सिलिंडरमधल्या गॅसचा दाब कमी होऊन ज्योत बारीक होते, तेव्हा सकाळच्या चहाला वेळ लागतो हे धरून चालावे. परंतु ऊब मिळावी म्हणून बंद गाडीत शेगडी पेटती ठेवून झोपणे हे जिवावर बेतणारे आहे, ते एकदाही करू नये.

दोघांच्या सामानाबद्दल थोडे स्पष्ट लिहावे लागेल. बॅग प्रत्येकी एकच आणि ती मऊ कापडाची असावी, कारण सुटकेस रिकामी झाल्यावरही तेवढीच जागा अडवते. कोणती वस्तू कोणत्या खणात आहे हे दोघांनाही अंधारात सापडेल इतके ठाऊक असावे. आमच्याकडे टॉर्च कुठे आहे हे फक्त ह्यांना माहीत होते आणि हे खाली उतरून चाकाखाली लाकडी ठोकळे लावत होते. किल्ल्यांचे दोन जोड असावेत, प्रत्येकाच्या खिशात एकेक. रोजची औषधे दोन भागांत विभागून दोन्ही बॅगांत ठेवावीत. टॉवेल चार पुरतात.

उंचीची सवय लागायला दिवस राखून ठेवणे हीसुद्धा तयारीच आहे. पुणे साडेपाचशे मीटरवर, मनाली दोन हजारांवर आणि वाटेतली टांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर. मनालीच्या पुढे जिस्पा गावाला दोन रात्री काढाव्यात आणि उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना पुण्यातच विचारावे. डोके ठणकत असताना ‘थोडेच राहिले आहे’ म्हणून पुढे रेटू नये. दोघांपैकी ज्याला त्रास होतो त्याने तो लपवला, तर दुसऱ्याला कळायला उशीर होतो.

गाडीचे थोडक्यात सांगते. ब्रेक, कूलंट, स्टेपनी, पंक्चरचे सामान, हवा भरायचा पंप, जादा फ्यूज. इंधनाची टाकी वाटेतल्या तांडी गावाला गळ्यापर्यंत भरावी. पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याची तिथली पाटी प्रसिद्ध आहे. रात्री नळातले पाणी सोडून द्यावे, नाहीतर सकाळी पाइपात बर्फ. सांडपाणी तलावाजवळ सोडू नये. कपडे एकावर एक घालता येतील असे. गॉगल, टोपी, रोख पैसे.

निघण्याच्या दिवशी घरचा गॅस, नळ आणि खिडक्या पाहाव्यात. त्यानंतर मसाल्याचा डबा उचलून खालची रिंग हाताने चाचपून पाहावी, मग कागदपत्रांच्या पिशवीतली. ‘घेतली आहे गं’ असे गाडीतून कोणी ओरडून सांगितले, तरीही.